कडे, कृपाण आणि एक मोजा

ता. ४, सोमवार

मी, ज्यास यंत्रकारखान्यात लहानथोर सर्वजण ‘गुण्या’ म्हणत, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय फिटर, सध्या सेवानिवृत्त, धर्माने शीख, राहणार मुलाच्या घरी, दुसरा मजला, उजव्या हाताची खोली, असे लिहून ठेवतो की पुढील मजकूर मी पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिला आहे. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे हत्यार. ते नाव मला चेष्टेने पडले होते. मी ते पदवी म्हणून स्वीकारले. खरे नाव येथे लिहीत नाही, कारण ही दैनंदिनी फक्त मीच वाचणार आहे आणि माझे नाव मला ठाऊक आहे.

लिहिण्यास कारण असे. आमची नात इयत्ता सातवीत आहे. ती शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली. पुढच्या शनिवारी, म्हणजे सोळा तारखेस, दुसऱ्या शाळेशी सामना आहे. आज खेळाच्या मास्तरांनी तिला सांगितले की हातातले कडे काढल्याशिवाय मैदानात उतरता येणार नाही. ती म्हणाली, ते निघत नाही. मास्तरांनी साबण लावून पाहण्यास सांगितले. साबणाने हात लाल झाला, कडे जागेवर राहिले. तेव्हा मास्तर म्हणाले, एक तर त्याच्याशिवाय ये, नाही तर बाकावर बसून सामना बघ.

हे तिने रात्री जेवताना सांगितले, भूगोलाचा धडा सांगावा तसे.

“मग तू काय म्हणालीस?” चिरंजीवांनी विचारले.

“म्हटलं, आजोबांनी केलंय ते. निसटेल असं काही ते करत नाहीत.”

उत्तर योग्य होते. ते कडे मी स्वतः लेथवर घडवलेले आहे, नात सहा वर्षांची असताना, जुन्या कारखान्यात जाऊन, साहेबांच्या परवानगीने. पोलाद चांगले होते. माप वाढीचे धरले होते, परंतु वाढ माझ्या अंदाजाच्या पुढे गेली. कडे मनगटावर मोकळे फिरते, पण पंजावरून उतरत नाही. यात दोष असल्यास तो पंजाचा आहे.

चिरंजीव म्हणाले, “मी उद्या जाऊन बोलून येतो.”

मी म्हणालो, “हे बोलून येण्याचे काम नव्हे, समजावून देण्याचे काम आहे. शिक्षक मंडळी अजाण आहेत. त्यांना आपली पाचही चिन्हे कोणी नीट सांगितलेली नसतील. ते मी सांगेन.”

यावर सूनबाईंनी आमच्या मंडळींकडे, म्हणजे आपल्या सासूबाईंकडे, पाहिले. मंडळींनी पाण्याच्या तांब्याकडे पाहिले. कोणी विरोध केला नाही, यावरून सर्वांची संमती आहे असे मी धरतो.

ता. ५, मंगळवार

पगडीचे कापड एका माणसाने घडी घालण्याजोगे नसते. त्याची लांबी बैठकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भरते. दोघांनी दोन टोके धरायची, ताणायचे, मग घडीवर घडी घ्यायची. ओढ दोन्हीकडून सारखी नसेल तर पगडीचे पदर नीट बसत नाहीत. दुसरे टोक रोज सकाळी नात धरते. धरताना “सोडू का, आजोबा?” असे म्हणून मला भिववते. तो तिचा नित्याचा विनोद आहे. मी हसत नाही, तरी ती तो करते.

आज विनोद झाला नाही. ती म्हणाली, “मास्तरांना मी कालच पुन्हा विचारलं. ते म्हणाले, वरून जाड पट्टी घातली तर कदाचित चालेल. म्हणजे कडं काढायला नको.”

“झाकायचे?”

“झाकायचं नाही. पट्टी घालायची.”

“पट्टी घातली की ते झाकलेच जाणार. आणि झाकणे म्हणजे लपवणे. लपवण्याची वस्तू असती तर मी तिला इतकी चकाकी कशाला आणली असती?”

तिने टोक सोडले नाही, ओढही कमी केली नाही. कापड अगदी सरळ आले. पगडी उत्तम बसली. दिवस चांगला गेला नाही.

माझ्या राखाडी लोकरी मोज्यांपैकी एक सापडत नाही.

ता. ८, शुक्रवार

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मंगळवारच्या शिक्षकसभेत मला वेळ दिला आहे. सूनबाईंनी फोनवरून ही व्यवस्था केली. फोनवर त्या बराच वेळ हसत होत्या. शाळेशी बोलताना हसण्याजोगे काय असते, हे मी विचारले नाही. त्या दवाखान्यात परिचारिका आहेत आणि त्यांना सगळ्यांशी गोड बोलण्याची सवय आहे.

भाषण तयार केले. दुपारी मंडळींना वाचून दाखवले. त्या उशीचा अभ्रा शिवत होत्या. पहिल्या भागात इतिहास आहे, दुसऱ्या भागात पाच चिन्हे, तिसऱ्या भागात शिक्षकांचे कर्तव्य. तिसरा भाग सुरू होताच त्यांनी दोरा दाताने तोडला.

“अहो, चौथी पास माणूस मास्तरांना त्यांचं कर्तव्य सांगणार?”

“चौथी उत्तीर्ण. आणि त्या काळची.”

“त्या काळची असो नाही तर ह्या काळची, पोरीला खेळायला मिळणार का, ते यात कुठे आहे?”

“ते ओघाने येईल.”

“ओघ फार लांबून निघालाय,” त्या म्हणाल्या. “सामन्यापर्यंत पोचला म्हणजे मिळवली.”

विद्वत्तेची कदर घरात होत नाही, ही जुनी गोष्ट आहे. मी गुरुद्वाऱ्यात जाऊन तेथे पाठ वाचणाऱ्या ग्रंथींना भाषण दाखवले. त्यांनी पूर्ण वाचले, दोन ठिकाणी सन दुरुस्त केले आणि म्हणाले, “इतिहास पुष्कळ झाला, आता थोडं प्रेमाने सांगा.” मी आभार मानले. पट्टीविषयी विचारावे असे जिभेवर आले होते. विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी उत्तर दिले असते.

ता. ९, शनिवार

मोजा अद्याप नाही. मंडळी म्हणाल्या, उंदराने नेला असेल. मी म्हणालो, उंदीर एकच मोजा नेऊन काय करील? त्या म्हणाल्या, “त्याला पाय चार. उरलेले तीन शोधत असेल.”

उरलेला मोजा फेकून द्यावा म्हणून काढला, तर नातीने मागून घेतला. “जोडी कशाला मोडायची?” म्हणाली. जोडी तर आधीच मोडलेली आहे. हल्ली ती सरावाहून घामाघूम होऊन येते. मास्तर तिला सराव करू देतात, सामना मात्र नाही. हा न्याय मला कळत नाही.

ता. १२, मंगळवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

कृपाण मी रोज धारण करतो. ती वीतभर आहे, म्यानात असते, पट्ट्याने खांद्यावरून आडवी घेतलेली असते आणि सदऱ्याच्या आत असते. आज मी ती कोटावरून घातली. मंडळींनी दारातच विचारले, “रोज आत असते, ती आज बाहेर का?” मी म्हणालो, “जो समजावून देण्यास जातो त्याने काही झाकून नेऊ नये.” त्या म्हणाल्या, “जाताय ना? मग सरळ जा.” मला त्या नेहमी सरळ जा असेच म्हणतात, पण आज सूर निराळा होता.

शाळेच्या फाटकावर पहारेकरी उभा होता. माणूस तरुण व नम्र होता.

“बाबा, हे काय आहे?”

“कृपाण.”

“म्हणजे चाकूच ना?”

“चाकू नव्हे.”

“कापते का?”

मी खोटे बोलत नाही. “आजवर तिने काही कापलेले नाही,” मी म्हणालो.

“पण कापू शकते.”

“तुमची शिट्टीही डोळ्यात घातली तर इजा करू शकते.”

त्याने शिट्टी खिशात ठेवली व मला बाकावर बसण्यास सांगितले. बाक लहान मुलांचा होता. माझे गुडघे छातीशी आले. तेवढ्यात मैदानावरून सराव करणाऱ्या मुली पाहायला आल्या. नात चेंडू काखेत धरून सर्वांत मागे उभी राहिली. एक मुलगी तिला म्हणाली, “ए शिडी, तुझे आजोबा ना?” नात उंच असल्याने तिला मैदानावर शिडी म्हणतात, हे मला आज कळले. नाव अनुचित आहे. परंतु मलाही गुण्या म्हणत असत, म्हणून मी काही बोललो नाही.

मुख्याध्यापिकाबाई स्वतः खाली आल्या. वयाने माझ्या सूनबाईंएवढ्या, चष्मा कपाळावर. त्यांनी नमस्कार केला व कृपाणीकडे आदराने पाहिले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

“आजोबा, एक विचारू? रोज ही कुठे असते?”

“सदऱ्याच्या आत.”

“मग आजही तिथेच असू द्या ना. वर बालवर्गाची पोरं जिन्यात आहेत. बघितली की हात लावतील. तुमच्यापेक्षा मला त्यांचीच भीती वाटते.”

यात अपमान नव्हता. मी पहारेकऱ्याच्या खोलीत गेलो, कोट व सदरा काढला, कृपाण नेहमीच्या जागी घेतली, वर सदरा व कोट घातला. बाहेर आलो तेव्हा पहारेकरी म्हणाला, “आता आत आहे ना, बाबा?” मी म्हणालो, “आहे.” तो म्हणाला, “मग जा वर.” मुली पळून गेल्या होत्या. नात मात्र उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती.

शिक्षकांच्या खोलीत लांब टेबल, त्यावर खडूंचे खोके, तपासायच्या वह्या आणि एक पंखा जो मान फिरवताना कुरकुरतो. (त्याच्या मानेला तेल हवे आहे.) चहा आला. माझा बिनसाखरेचा होता. मुख्याध्यापिकाबाईंना हे कसे ठाऊक, कळले नाही.

मी भाषणास आरंभ केला. इतिहास संपेपर्यंत गणिताच्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिले. मग पाच चिन्हे सांगितली. केस, जे देणाऱ्याने दिले तसे राखायचे. कंगवा, कारण राखणे म्हणजे नुसते वाढू देणे नव्हे. कच्छा, म्हणजे आतली आखूड विजार, जी मनाला आवर घालण्याची खूण आहे. कृपाण, जी दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे. आणि कडे.

येथे पहिलीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, माझ्या वर्गातली पोरं विचारतात, त्या मोठ्या ताईच्या हातात बांगडी का आहे? मी काय सांगू? म्हणजे, अगदी लहान पोरांना?”

लिहून आणलेल्यात याचे उत्तर नव्हते. मी कागद खाली ठेवला. “त्यांना असे सांगा,” मी म्हणालो, “की आपण हात कशालाही पुढे केला, द्यायला, घ्यायला किंवा मारायला, तर आपल्याला आधी तेच दिसते. मग हात विचार करतो.”

बाईंनी ते आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले. मला बरे वाटले, हे कबूल करतो.

मग खेळाचे मास्तर उठले. ते आडदांड आहेत, पण आवाज मऊ आहे. त्यांनी वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. समोरचा एक दात खोटा होता.

“आजोबा, हा कॉलेजात असताना गेला. समोरच्याच्या मनगटावर घड्याळ होतं.”

“माझी नात कोणाला मारणार नाही.”

“त्यानेही मारलं नव्हतं. माझा जिवलग मित्र होता तो. चेंडूसाठी दोघांनी उडी मारली, एवढंच. मला तुमच्या कड्याचं वावडं नाही हो. मला शनिवारी पंचवीस पोरींचे दात घरी पाठवायचेत, मोजून.”

सर्व शिक्षक हसले. मी हसलो नाही. माझ्या भाषणाचा तिसरा भाग, म्हणजे शिक्षकांचे कर्तव्य, शिल्लक होता. तो मी वाचला नाही.

निघताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “तुम्ही आलात हे फार बरं झालं. केस, पगडी, कृपाण याबद्दल आम्हाला आता कोणी विचारलं तर सांगता येईल. कड्याचं तेवढं तुम्ही आणि तुमची नात ठरवा. काढायला आम्ही सांगणार नाही. पण उघडं ठेवून मास्तर खेळू देणार नाहीत, आणि मी त्यांना तसं करायला सांगणार नाही.”

सूनबाई मला न्यायला आल्या होत्या. त्या दोघी एकमेकींना जुनी ओळख असल्यासारख्या भेटल्या. सूनबाईंनी विचारले, “चहात साखर नव्हती ना घातली?” मला वाटते, परिचारिकांना कोणाशीही लगेच बोलता येते.

ता. १३, बुधवार

सकाळी पगडीचे कापड घेतले. नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अर्धी घडी झाल्यावर म्हणाली,

“आजोबा, रागावणार नसाल तर विचारू?”

“विचार. रागाचे मागाहून पाहू.”

“काल गेटवर तुम्ही ती सदऱ्याच्या आत घातलीत. तेव्हा ती गेली का?”

“कुठे जाणार? आत होती.”

“आणि तुम्ही ती लपवलीत का?”

मी म्हणालो, “तो प्रसंग वेगळा होता. तेथे लहान मुले होती.”

“हो,” ती म्हणाली. “इथे दात आहेत.”

प्रश्न उद्धट नव्हता. तिने टोक घट्ट धरले होते, आणि मी माझे सोडले असते तर ती मागे पडली असती. म्हणून मी धरून राहिलो. शेवटी आतून मंडळींचा आवाज आला, “अहो, वाळत घालायचंय का ते कापड? दूध उतू जातंय, मला दारातून जाऊ द्या!”

दिवसभर विचार केला. सायंकाळी घरच्यांना निर्णय सांगितला. निर्णयाचे कारण खेळाच्या मास्तरांचा दात हे आहे. फाटकावरील प्रसंगाशी त्याचा संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. जे कडे हाताला आवर घालण्यासाठी आहे, त्याच्याकडून कोणा मुलीचा दात जावा, हे त्या कड्यालाच शोभणार नाही. पट्टी घालावी. मात्र ती पट्टी दुकानातली, रंगीबेरंगी, कोणत्या कंपनीचे नाव छापलेली नसावी. माझ्या निळ्या पगडीचा काठ विरला आहे. त्यातून काढावी.

चिरंजीव म्हणाले, “बाबांचं बरोबर आहे.” ते कधी नव्हे ते सर्वांच्या आधी बोलले.

नातीने उठून माझ्या पायांना हात लावला व आपल्या खोलीत पळाली. आतून उशी भिंतीवर आपटल्यासारखा आवाज आला. आनंदात असे का करतात, ठाऊक नाही.

ता. १४, गुरुवार

निळ्या कापडाचा काठ आम्ही दोघांनी मिळून फाडला, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. सरळ फाटला. कापड चांगल्या विणीचे असल्यास ते सुताला धरून फाटते.

मंडळींनी चौपदरी घडी घेऊन, आत रबरी नाडी घालून पट्टी शिवली. मनगटाचे माप घेतलेच नाही. मी म्हणालो, “मापाशिवाय शिवलेले बसत नाही.” त्या म्हणाल्या, “माप आहे माझ्याकडे.” पट्टी चढवून पाहिली, तर बिनचूक बसली. कड्यावर वर-खाली दोन्हीकडे बोटभर कापड. मी आजवर पुष्कळ मापे घेतली, परंतु न घेता इतके अचूक माप पाहिले नव्हते.

“कशावरून घेतलं?” मी विचारले.

“मोज्यावरून,” त्या म्हणाल्या आणि अभ्रा शिवायला बसल्या.

कोणता मोजा, हे त्या बोलल्या नाहीत. नात खोकू लागली. तिला पाणी आणून दिले.

ता. १६, शनिवार

सामना झाला. त्याचा जबाब असा.

फाटकावर तोच पहारेकरी होता. “आत आहे ना, बाबा?” “आहे.” त्याने सलाम केला. मी त्याला म्हणालो, शिट्टी बाहेर काढलीत तरी चालेल.

मैदानाच्या कडेला खेळाचे मास्तर एकेका मुलीचे हात तपासत होते. नातीच्या वेळेस त्यांनी निळी पट्टी दोन बोटांनी दाबून पाहिली. आतले पोलाद त्यांच्या बोटांना लागले असणार. त्यांनी मान वर करून प्रेक्षकांत पाहिले. मी बसल्या जागी ताठ झालो. त्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. आमच्यात यापलीकडे बोलणे झाले नाही व त्याची आवश्यकता नव्हती.

खेळाचे नियम मला ठाऊक नाहीत. मुली धावतात, चेंडू आपटतात व पुन्हा उलट्या दिशेने धावतात. मंडळी सर्व वेळ “अगं, दे तिला! अगं, घे!” असे ओरडत होत्या. त्यांनाही नियम ठाऊक नाहीत.

उत्तरार्धात नातीने आणि समोरच्या संघातील सहा क्रमांकाच्या मुलीने एकाच चेंडूसाठी एकाच वेळी उडी मारली. दोघींचे हात वर गेले. खाली येताना नातीचे मनगट त्या मुलीच्या तोंडावर लागले. आवाज ऐकू आला. ती मुलगी जमिनीवर बसली व दोन्ही हातांनी तोंड धरले. खेळ थांबला. मास्तर धावले. मी उभा राहिलो. मंडळींनी माझी बाही धरली होती, हे मला नंतर कळले.

नात तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. काही बोलली. त्या मुलीने हात बाजूला केले, जिभेने दात एकेक करून चाचपले, मग तोंड उघडून मास्तरांना दाखवले. मास्तरांनी वाकून पाहिले. नंतर ते सरळ झाले आणि प्रेक्षकांकडे वळून स्वतःच्या खोट्या दातावर बोट टेकवले व “नाही” अशा अर्थाने हात हलवला.

नातीने हात पुढे केला, पट्टीचाच. त्या मुलीने तो धरला व उठली. पट्टी थोडी सरकली होती. नातीने दातांनी ओढून ती जागेवर आणली व धावत गेली. पट्टीखाली राखाडी रंगाचे काही दिसले. अस्तर असावे. मंडळींनी अस्तर घातल्याचे मला सांगितले नव्हते.

सामना आम्ही हरलो. परंतु येताना नात माझ्या पुढे चालत नव्हती, बरोबर चालत होती. जिन्यात म्हणाली, “आजोबा, उद्या कापड धरताना सोडू का?” मी म्हणालो, “सोडून पाहा.” ती मोठ्याने हसली.

वरील सर्व हकीकत माझ्या समक्ष घडली असून मी ती पुन्हा वाचली आहे व ती खरी आहे. सदर प्रसंगी हजर असलेले साक्षीदार येणेप्रमाणे: आमच्या मंडळी, चिरंजीव, सूनबाई, मुख्याध्यापिकाबाई, खेळाचे मास्तर, पहिलीच्या वर्गाच्या बाई, फाटकावरील पहारेकरी आणि समोरच्या संघातील सहा क्रमांकाची मुलगी, सर्व दातांसह.